पिस्ता रंगाची कड

१२ ऑक्टोबर २००३, रविवार

फ्लॉसीचं काम मिळालं. मिळालं म्हणजे मी मिळवलं, पण ते असो.

हर्षूच्या मोटारसायकलवर मागे बसून शेजारच्या गास गावात गेले, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी. फ्लॉसी तिथे आपल्या घरच्या पडवीत ख्रिस्ती नवऱ्यामुलींचे पांढरे गाऊन शिवते. तिच्याकडच्या मुली कुवेतला, कॅनडाला गेल्यात. नाताळला गावी येतात, जानेवारीत लग्न करतात, मग गाऊनसाठी धावाधाव. त्यांना तिथे बसूनच गाऊन निवडता यावा म्हणून तिला वेबसाइट हवी आहे. हर्षूने नेहमीप्रमाणे इंग्रजीत मोठमोठं सांगायला सुरुवात केली. ती बाई ऐकत होती आणि हाताने टाके घालत होती.

शेवटी म्हणाली, "फोटो तर कोनीपन काढील. पन हे पुतळे, ही भिंत, हा पंखा दिसायला नको. नुसता गाऊन दिसला पायजे."

मी तिच्या टेबलावरचा पॅटर्नचा कागद घेतला, दोन मिनिटांत गाऊन काढला, तिच्याच कात्रीने कापला आणि तिच्या टेबलक्लॉथवर ठेवला. पिस्ता रंगाचा टेबलक्लॉथ होता. ती हसली. "हेच पायजे मला, टीचर. आनि मागे रंगपन हाच ठेवा."

परत येताना हर्षू म्हणाला, "आई, व्हिजिटिंग कार्डं छापतोय. तुझं नाव टाकणार. जयवंती नेरूरकर, कला विभाग." मी पदराने डोळे टिपले. डोळ्यांत वारा जात होता.

तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. गॅदरिंगचे पडदे मी रंगवायचे, प्रदर्शनाच्या कमानी मी करायचे आणि स्मरणिकेत छापून यायचं, "सजावट : सौ. नेरूरकर व इतर." एका वर्षी तर नुसतंच "व इतर". एकदा कुठेतरी माझं नाव पूर्ण छापून यावं, एवढी एकच हौस उरली आहे. लोक हसतील, हसोत. हे गेल्यावर मी नुसती खिडकीशी बसून असायचे, तेव्हा हर्षूनेच मला कॉम्प्युटरसमोर बसवलं. तोच ही हौस पुरी करणार.

सूनबाईंना सांगितलं तर म्हणते, "छान आई. पण कार्ड छापायला जाण्याआधी एकदा बघून घ्या हां." शुभ बोल रे नाऱ्या. आमच्या कंपनीत ही वेबसाइटची पानं बांधते, म्हणजे त्यामागचा कोड लिहिते. हर्षू कामं आणतो, मी चित्रं करते. तिघांची कंपनी, एव्हरशाईन सिटीतल्या आमच्या हॉलमध्ये. अश्लेषा नक्षत्रावर जन्मलेली मुलगी सासूला वाईट म्हणतात. हिच्या आईबापांनी तर हौसेने नावच अश्लेषा ठेवलं. मी असलं मानत नाही. लिहून ठेवते एवढंच.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

फोटो आले. शंभरावर गाऊन, सगळे पांढरे, आणि सगळे पांढऱ्या भिंतीसमोर. फोटो हर्षूने काढले, त्यामुळे काय बोलणार.

तो म्हणाला, सोपं आहे. त्या सॉफ्टवेअरमध्ये एक जादूची कांडी आहे, एका रंगावर टेकवली की तो रंग धरला जातो. त्याने ती भिंतीवर टेकवली आणि पांढरा रंग पारदर्शक करून टाकला. भिंत गेली, तिच्याबरोबर गाऊनपण गेला. चुण्यांच्या सावल्या तेवढ्या राहिल्या, त्यांच्यामधून मागचा पिस्ता रंग दिसायला लागला. उंदरांनी कुरतडल्यासारखं. मी म्हटलं, असलं घालून नवरीला चर्चमध्ये पाठवणार का? "मग तूच बघ," म्हणाला आणि अंधेरीला गेला. तिकडे अल्पेश म्हणून त्याचा मित्र आहे, मोठ्या कंपनीत आहे तो. हर्षू वरचेवर जातो. ओळखी ठेवाव्या लागतात धंद्यात.

मी पेन टूल घेतलं. गाऊनच्या कडेकडेने एकेक ठिपका देत जायचं, चुणी वळली की आपण वळायचं. पाचवीच्या पोरांना तांब्याची बाह्यरेषा शिकवत होते, तीच विद्या. फरक इतकाच की हा तांब्या गप्प बसतो आणि पेन्सिल मोडली म्हणून रडत नाही.

दुपारी वीज गेली तेव्हा अर्धा गाऊन गेला. सूनबाई येऊन म्हणते, "आई, दर पाच मिनिटांनी सेव्ह करत जा." वीज गेल्यावर सांगते.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

डोक्यावरच्या जाळीने जीव घेतला. गाऊन कापता येतो, जाळी कशी कापणार? ती अर्धी असते, अर्धी नसते. आणि वेबसाइटसाठी जे जीआयएफ नावाचं चित्र करावं लागतं, त्यात ठिपका एक तर असतो नाही तर नसतो. अर्धामुर्धा चालतच नाही. पीएनजी म्हणून दुसरा प्रकार आहे, त्यात चालतं म्हणे, पण लोकांच्या कॉम्प्युटरवर त्याच्या मागे करडा चौकोन उमटतो. मग नवरी सिमेंटच्या लादीसमोर उभी.

यावर तोड निघाली. जिथे जाळी आहे तिथे पानाचाच पिस्ता रंग पांढऱ्यात मिसळून भरायचा. गाऊनच्या कडेलापण बारीक पिस्ता मिसळायचा, म्हणजे कड करवतीने कापल्यासारखी दिसत नाही. त्याला मॅट म्हणतात. पानाचा रंग आणि मॅटचा रंग एकच असला की बघणाऱ्याला वाटतं जाळीतून आरपार दिसतंय. हे अश्लेषाने कुठूनसं वाचून आणून सांगितलं. मला सुचतच आलं होतं.

सांगून झाल्यावर उपदेश. "पण आई, एकदा जीआयएफ केलं की त्यातला रंग बदलता येत नाही हां. मूळ फाइली जपून ठेवायच्या." तीस वर्षं मास्तरकी मी केली आणि शिकवते ही मला.

पहिला जाळीवाला गाऊन पानावर ठेवून बघितला. खरंच सांगते, अंगावर काटा आला. जाळी हवेत उभी होती. हर्षूला दाखवला. तो फोनवर होता, त्याने अंगठा वर केला.

२६ ऑक्टोबर, पाडवा

कार्डं आली. गुळगुळीत कागद, उठावाची अक्षरं. हर्षवर्धन नेरूरकर, संचालक. खाली पत्ता, फोन.

मी उलटून पाहिलं. मग हर्षूकडे पाहिलं. तो म्हणाला, "आई, जागाच नव्हती अगं. पुढच्या वेळी नक्की." मुलाचं खरंच आहे, एवढुसं कार्ड, त्यात दोन नावं म्हणजे गर्दी होते.

सूनबाई ओवाळायचं तबक घेऊन उभी होती, ती म्हणाली, "मागची बाजू कोरी आहे की रे."

सणाचा दिवस, नवऱ्याला ओवाळायचं, आणि असं बोलायचं. हर्षूचं तोंड उतरलं. श्रीखंडपण धड खाल्लं नाही त्याने. मी तिला आत बोलावून सुनावलं की माझ्या नावाची काळजी तू करू नकोस, तुझं तर नाव छापायचं कुणी म्हटलंही नाही. ती म्हणाली, "मला नकोच आहे आई. मला पगाराची नोकरीपण मिळेल. तुमचं मात्र हे एकच आहे." म्हणजे माझी लायकी काढली.

२९ ऑक्टोबर, बुधवार

आज चोरी सापडली.

इस्त्रीचे कपडे ठेवायला म्हणून तिचा खण उघडला, तर आत चार सीड्या. प्रत्येकीवर मार्करने लिहिलेलं, "आई – गाऊन १", "आई – गाऊन २". माझं सगळं काम उतरवून घेतलंय. माझ्या नावाने माझ्याच कामावर डल्ला. उद्या माहेरच्या कुणाला, नाही तर दुसऱ्या कंपनीला देऊन मोकळी होईल. पगाराची नोकरी मिळेल म्हणाली होती ना, ती अशी मिळणार. नाचणाऱ्याचं कौतुक राहिलं बाजूला, घुंगरू घेऊन पळणारेच जास्त.

हर्षूला सांगितलं. "बॅकअप असेल ग आई, तू कशाला लक्ष घालतेस," म्हणाला. साधा आहे बिचारा. सरळ माणसाला सगळे सरळच दिसतात.

माझ्या खोलीच्या ग्रिलवर कबुतरांनी उच्छाद मांडलाय. आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांनी जुन्या सीड्या टांगल्यात, त्या उन्हात चकाकल्या की कबुतरं येत नाहीत. मी त्या चारही सीड्यांना सुतळ्या ओवल्या आणि ग्रिलला टांगल्या. माझं मूळ काम कॉम्प्युटरवर आहेच. तिची चोरी आता कबुतरं राखतील. बाहेर येऊन चहा केला, बऱ्याच दिवसांनी चांगला लागला.

८ नोव्हेंबर, शनिवार

संपलं. सगळे गाऊन झाले. डोळ्यांतून पाणी येतं, मान धरली आहे, पण झाले.

फ्लॉसी बघायला आली. बरोबर केळीच्या पानात बांधून सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, घेऊन आली. मी एकेक पान उघडत गेले. मग एका गाऊनवर तिने बोट ठेवलं, काचेवर, जाळी होती तिथे. म्हणाली, "हा माज्या बहिनीचा. ती आता नाय. हिची जाली मी हातानं विनलेली." आणि पदराने काच पुसली, तिचं बोट लागलं होतं म्हणून.

मग विचारलं, "खाली नाव कोनाचं येनार?"

हर्षू म्हणाला, "कंपनीचं येतं ना, मॅडम."

फ्लॉसीने माझ्याकडे बघितलं. मी सुकेळी डब्यात भरायला आत गेले. स्वयंपाकघरात अश्लेषा होती, तिने ऐकलं होतं. म्हणाली, "आई, आत्ता बोला. तिच्यासमोर तो नाही म्हणणार नाही." मुलाला परक्यासमोर कोंडीत धरू? असली शिकवण हिच्या माहेरची असेल. मी सांगितलं, माझं आणि माझ्या मुलाचं आम्ही बघू.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

काय लिहू.

साइट उद्या उघडायची. हर्षू काल अंधेरीहून आला तो अल्पेशचं मत घेऊन आला. पिस्ता रंग म्हणजे डॉक्टरच्या दवाखान्यातलं पत्रक वाटतं म्हणे. त्याने सगळी पानं गडद मरून करून टाकली. वर सोनेरी अक्षरं, बटणंपण सोनेरी. दिसायला भारदस्त आहे, नाही म्हणत नाही. पण माझे गाऊन. एकेका गाऊनला भोवती पिस्ता कड उमटली आहे, पाटीवर खडूने गिरवल्यासारखी. आणि जाळ्या सगळ्या शेवाळलेल्या. फ्लॉसीच्या बहिणीची जाळी तर बुरशी आल्यासारखी दिसते.

अश्लेषा म्हणाली, "पान परत पिस्ता कर. पाच मिनिटांचं काम आहे."

हर्षू म्हणाला, "अल्पेशला दाखवलंय मी. त्याला आवडलंय. आता मागे जायचं नाही."

"वेबसाइट अल्पेशची आहे का फ्लॉसीची? तिला विचारलंस?"

नवऱ्याशी ही भाषा. मी मध्ये पडले. म्हटलं, हर्षू म्हणतो तर मरूनच राहील, मी मूळ फाइली काढते, मॅट मरून करते, दोन दिवसांत सगळं नवीन करून देते. तर हर्षू खाली बघायला लागला. फाइली नाहीतच. कॉम्प्युटरवर जागा नव्हती म्हणून त्याने काम संपल्या रात्रीच पुसल्या. क्रिकेटचा कसलासा खेळ आणून टाकला होता, त्याला जागा लागते. त्याला बिचाऱ्याला काय माहीत त्या इतक्या लागतील. कामाच्या माणसाला विरंगुळाही हवा.

अश्लेषा मात्र शांत होती. म्हणाली, "माझ्याकडे आहेत. दिवाळीपर्यंतच्या सगळ्या सीडीवर घेऊन ठेवल्यात मी," आणि खण उघडायला गेली.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

काल पुढचं लिहिलं नाही.

खण उघडून ती माझ्या खोलीच्या दारात आली. "आई, माझ्या खणातल्या सीड्या..." आणि तिला खिडकी दिसली. वारा होता. सीड्या ग्रिलवर आपटत होत्या.

मी म्हटलं, मला काय माहीत त्या कसल्या होत्या. सांगायला हवं होतंस.

ती आत आली. स्टुलावर चढली, एकेक सुतळी सोडली, ओढणीने सीडी पुसून कॉम्प्युटरमध्ये घातली. आतून खरखर आवाज यायचा आणि बाहेर यायची. दोन आठवडे ऊन खाल्लेलं, वर ओरखडे. तिसऱ्या सीडीतला एक गाऊन उघडला, तोही कमरेपर्यंत. त्याखाली राखाडी पट्टे. ते बघून मला काय झालं ते मी इथे लिहिणार नाही.

हर्षू आंघोळ करून आला आणि विचारलं, मिळाल्या का फाइली. मी म्हटलं आता ही सांगते आणि माझी शोभा करते. तर म्हणाली, "सीड्याच खराब निघाल्या. स्वस्तातल्या होत्या." डोळ्याची पापणी न हलवता. किती सराईतपणे खोटं बोलते ते कळलं. ज्या बाईला नवऱ्याशी इतकं सहज खोटं बोलता येतं, तिच्यावर भरवसा कसला ठेवायचा?

१९ नोव्हेंबर, बुधवार

पुन्हा पहिल्यापासून कापते आहे. नशिबाने कॅमेऱ्यातले फोटो आहेत. उजवा डोळा पाण्याने भरतो म्हणून डावा वापरते. रोज दोन-तीन गाऊन होतात. याने नाताळ उजाडेल.

सकाळी हर्षू फ्लॉसीशी फोनवर बोलत होता, मी स्वयंपाकघरात होते. म्हणाला, "मॅडम, उशीर होतोय, सॉरी. आईचं जरा कटिंगमध्ये चुकलं. वय झालंय ना. नवीन माणूस बघतोय मी."

पहिल्यांदा गॅस बंद करून खाली बसले. मग विचार केला. धंद्यात मालकाचा शब्द खाली पडून चालत नाही, गिऱ्हाईक तुटतं. घरच्या माणसावर घेतलं तर कुणाचं काय गेलं? हाच समजूतदारपणा मी अश्लेषात शोधते. तिने फोनवरचं ऐकलं तेव्हा लाटणं आपटून बाहेर गेली. जिन्यात दोघांची खडाजंगी झाली, शेजारच्या हंसाबेननी दार उघडून पाहिलं. माझ्यासाठी भांडत होती म्हणे. मी सांगितलं होतं का?

फ्लॉसीचा दुपारी फोन आला. मला विचारत होती, "टीचर, डोले कसे हाएत?" मी म्हटलं चूक माझीच झाली, सांभाळून घ्या. ती म्हणाली, "टीचर, मी तर बगितलेले. चूक कुटं होती?" मी फोन ठेवला.

३० नोव्हेंबर, रविवार

हर्षू अल्पेशच्या कंपनीत लागला. मोठ्या हुद्द्यावर. तिकडे अंधेरीत राहायची सोय आहे, आठवड्याने येत जाईल. मुलाखतीत आमचे गाऊन दाखवले, पिस्तावाले, जुने. अल्पेशच्या वरच्या साहेबाने विचारलं म्हणे, ही जाळी कशी केलीस? हर्षूने सांगितलं, खूप मेहनत घेतली. माझा ऊर भरून आला. म्हणजे काम चांगलंच होतं.

कॉम्प्युटर घेऊन गेला. लागणारच तिकडे. वायरींमागे केवढी धूळ होती, मी पुसून घेतली. जाताना म्हणाला, "आई, आता डोळ्यांना आराम दे. खूप केलंस." माझे तीस-चाळीस मरून गाऊन त्यातच गेले, पण म्हटलं जाऊ दे, त्याच्या डोक्याला आता दुसरे ताप आहेत.

फ्लॉसीचं काय, असं अश्लेषाने विचारलं. तो म्हणाला, तू बघ.

ती त्याच्याबरोबर गेली नाही. मी म्हटलं, बायकोने नवऱ्यासोबत जावं. तर म्हणते, "तुम्ही एकट्या इथे काय करणार?" माझं निमित्त. मला कुणाची सोबत लागत नाही.

१० डिसेंबर, बुधवार

सूनबाई रोज सकाळी पोळ्या करून गासला जातात. फ्लॉसीने कुणा भाच्याचा जुना कॉम्प्युटर आणून पडवीत मांडला आहे. तिथे बसून ही तिची वेबसाइट करते. पिस्ता गाऊन इंटरनेटवर चढवलेले होते, ते तिथेच राहिले होते, हर्षूने फक्त पानांचा रंग बदलला होता. हिने रंग परत पिस्ता केला. पाच मिनिटांचं काम.

आज चहा घेऊन माझ्यासमोर बसली. म्हणाली, "आई, आम्हाला तुम्ही हव्या आहात. फ्लॉसीमावशीच्या ओळखीच्या दोघीतिघी आहेत, एक केकवाली आहे, एक फुलांचं करते. सगळ्यांना असंच कापून हवंय. मला ते जमत नाही, तुम्हाला माहितीये. चला माझ्याबरोबर. पाटीवर आधी तुमचं नाव लावू."

मी तिच्याकडे बघत राहिले. खोटं कशाला लिहू, क्षणभर जीव गेला त्या पाटीवर. गासची ती पडवी, तो टेबलक्लॉथ, पाटीवर जयवंती नेरूरकर. मग हर्षूचा चेहरा समोर आला. मुलाने बंद केलेलं दुकान आई आणि बायको शेजारच्या गावात चालवतात, लोक काय म्हणतील? म्हणतील, पोराला जमलं नाही ते बायकांनी करून दाखवलं.

मी म्हटलं, माझी कंपनी एकच, माझ्या मुलाची.

"कंपनी कुठे आहे आई?" ती म्हणाली. मोठ्याने नाही, हळूच.

मी चहा तसाच ठेवून उठले. तिने तो नंतर गरम करून परत आणून ठेवला. मी प्यायले, वाया कशाला घालवायचा.

२३ डिसेंबर, मंगळवार

स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत गेले होते. हर्षूला ई-मेल करायची होती, हे कारण. दुसरं कारण फ्लॉसीची साइट.

उघडली. हळूहळू वरून खाली आली. आधी पिस्ता, मग एकेक गाऊन. कड कुठेही दिसत नाही. फ्लॉसीच्या बहिणीचा गाऊन पहिल्याच पानावर आहे. जाळी हवेत उभी आहे. शेजारच्या खुर्चीवरची मुलगी आपलं काम सोडून बघायला लागली, म्हणाली, "काय मस्त कापलंय कुणी."

मग खाली गेले, अगदी तळाला. तिथे होतं. "चित्रं : जयवंती नेरूरकर." पूर्ण. व इतर नाही, सौ. नाही. शुद्धलेखनही बरोबर, रू दीर्घ. लोक नेहमी ऱ्हस्व लिहितात.

किती वेळ बसले कोण जाणे. कॅफेवाल्याने येऊन विचारलं, आजी, अजून पाहिजे का? मी म्हटलं, हो, थोडं.

परत येताना रिक्षात डोक्यात चक्र सुरू झालं. हर्षूने अंधेरीला हे गाऊन आपले म्हणून दाखवलेत. उद्या त्या साहेबाने ही साइट उघडली तर? तळाला गेला तर? माझ्या हातून माझ्या मुलाची नोकरी जाईल. आणि हे हिला कळत नसेल? चांगलं कळतं. माझं नाव पुढे करून नवऱ्याचा काटा काढते आहे. माझ्या नावाचा असा उपयोग. मला विचारलं का कुणी?

२४ डिसेंबर, बुधवार

गासला गेले. फ्लॉसीकडे नाताळची गडबड, करंज्यांचा वास, दारात चांदणी टांगलेली. ती मला बघून धावत आली, हात धरला. "टीचर, कॅनडाहून तिगींचे फोन आले. तुमच्या त्या जालीचं विचारतात."

मी म्हटलं, माझं नाव काढा तिथून.

तिला आधी कळेना. मग ती माझ्या सुनेकडे बघायला लागली. अश्लेषा कॉम्प्युटरवरून उठली. म्हणाली, "आई, नक्की?"

"नक्की."

"त्याच्यासाठी?"

ती परत बसली. मी तिच्या मागे उभी होते, सगळं बघत होते. तिने कोडमधली ती ओळ काढली. एक ओळ. बटण दाबण्याआधी थांबली, मानेनेच मला विचारलं, मी मान हलवली. पान परत उघडलं तेव्हा तळाला काही नव्हतं. फ्लॉसी म्हणाली, "कोनाचं तरी घालायला पायजे ना." मी म्हटलं, नको, राहू दे असंच.

तिने करंज्या बांधून दिल्या. अश्लेषा मला रिक्षापर्यंत सोडायला आली. रस्त्यात दगड होते, तिने कोपर धरलं. मी सोडवून घेतलं नाही, पाय दुखत होते. ती रडत होती. का ते मला खरंच कळलं नाही, नाव माझं गेलं होतं.

२८ डिसेंबर, रविवार

हर्षू या रविवारीपण आला नाही. मागच्याही नाही. कामाचा ताण. मी फोन लावला. मागे गाणी वाजत होती, माणसांचे आवाज होते.

म्हटलं, काळजी करू नकोस. तुझ्या साहेबाने बघितलं तरी काही हरकत नाही. मी नाव काढायला लावलं.

"कुठलं नाव?"

"माझं. फ्लॉसीच्या साइटवरचं."

तो म्हणाला, "फ्लॉसी? ती गाऊनवाली? ते चालू झालं होय? मी बघितलंच नाही ग." आणि कुणाला तरी म्हणाला, आलो आलो. मग मला, "काही काम होतं का आई?"

मी म्हटलं, नाही रे. सहज केला.